मापासाठी काढलेला हात

१

“...आणि त्या मुळीचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. तिसऱ्यांदा सांगतेय.”

“मी कुटं काढलं, आत्या? सकाळधरनं तुमीच काढताय.”

“मीच काढतेय. कारण तुज्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय.”

रुपाली, माझी सून, ओट्याला टेकून उभी होती. नववा महिना सरून वर दहा दिवस झाले होते. पाय घोट्यापाशी फुगलेले, बोटं फुगलेली. डाव्या हातातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली, तिथे अजून पांढरा पट्टा होता. लोणावळ्याच्या हॉटेलात चादरी धुऊन धुऊन बोटांची सालं गेलेली, ती तेवढी रजेत भरून आली होती.

“बॅग भर. केरबाला फोन केलाय. रिक्षा येतेय.”

“डॉक्टरीणबाईंनी सोमवारी बोलावलंय. आज शुक्रवार हाय.”

“शुक्रवारी दवाखाना बंद असतो का?”

“एवढी घाई कशाची पण? आता काय, आज-उद्या व्हईल की आपोआप. म्हणून तर...” ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. एखादं माणूस हसू दाबून चेष्टा करतंय असं वाटलं की आपण जसं बघतो, तसं. “काल तर तुमी—”

“काल काय न्हाई नि परवा काय न्हाई. बॅग भर.”

मी तिला बोलू दिलं नाही. हा माझा जुना रोग. सासरे म्हणायचे, चंपा, तू उत्तर आधी देतीस आणि प्रश्न मागनं ऐकतीस.

केरबा म्हणाला रेल्वेचं फाटक पडलंय, वीस मिनिटं लागतील. त्या वीस मिनिटांत माझ्या डोक्यातून काय काय गेलं ते लिहिते. एकदाच लिहीन. माझ्यात आता दोनदा लिहायचं बळ नाही.

२

पुस्तक खंडाळ्याच्या बंगल्यातलं. तिथल्या बागेत मी अठ्ठावीस वर्षं राबले. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बियांच्या पाकिटांवरची नावं आणि भजी बांधून आलेले वर्तमानपत्राचे तुकडे, एवढ्यावर मी वाचायला शिकले. त्यामुळे मला शिकवायला कुणी आलं की राग येतो, हे खरं आहे.

बंगला विकला तेव्हा मालकीणबाई, माधवीताई, पुस्तकं रद्दीत काढत होत्या. हे त्यांनी बाजूला ठेवलं. “चंपा, तुला झाडं माहीत आहेत, झाडांचं शास्त्र माहीत नाही. घेऊन जा.” मला ते लागलं. म्हणून घेतलं.

जाड पुठ्ठ्याचं, हातभर रुंद. पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरं झिजून गेलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय ते मला आजही माहीत नाही. आत ऐंशी रंगीत चित्रं. प्रत्येक चित्रावर पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद आणि समोरच्या पानावर माहिती. पान एकाआड एक का, समोरासमोर का. शिरा जाळीच्या का, सरळ रेघांच्या. पुंकेसर किती. साठ वर्षं मी कुरडू खुडून भाजी केली. त्याचं फूल एक नसतं, शेकडो फुलांचा तुरा असतो, हे मला त्या पुस्तकानं सांगितलं. भिंग घेऊन बघितलं तर खरंच. रात्रभर बरं वाटत होतं.

माझी पद्धत ठरलेली. दुपारी जेवण झालं की कान्हे गावातल्या आमच्या घराची मागची खोली, पत्र्याची. धान्याच्या कोठीवर पुस्तक उघडायचं. दिवसाला एक चित्र. चित्रातलं झाड रानात जाऊन स्वतः शोधायचं, पाकळी न् पाकळी ताडून बघायची, आणि ते सापडेपर्यंत पुढचं पान उलटायचं नाही. कितीही दिवस लागोत. एका झाडासाठी मी पंधरा दिवस थांबले होते. पुढचं आधी बघून ठेवणं म्हणजे चोरी, असं माझं मत.

पावसाळ्यात ते पातळ कागद दमट होऊन चित्राला चिकटतात. उचलताना आवाज येतो. भाजलेल्या कातडीची साल निघावी, तसा.

३

प्रस्तावनेत एक वाक्य आहे: ‘वनस्पतींच्या आकाराची कल्पना यावी म्हणून सर्व चित्रांत मानवी हात दाखवला आहे.’

तर प्रत्येक चित्रात एक हात होता. मनगटापर्यंत. चिमटीत देठ धरलेला. चाळीसेक चित्रं मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुकानात गेल्यावर धान्य बघतो, तराजू कोण बघतं.

एक्केचाळिसावं चित्र करटुल्यांचं. वेलाचा सुतासारखा ताणा अंगठ्याच्या नखाला वेटाळलेला होता म्हणून नख बघितलं. नख मधोमध फाटलेलं. दोन पाळ्या झालेलं.

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख तसंच आहे. कुंपण छाटायच्या कात्रीत सापडलं होतं.

मी म्हटलं, माळ्याचा हात दिसतोय. माळ्यांची नखं फाटतातच. चित्रकारानं बंगल्यातला कुणी माळी बसवला असेल समोर.

दुसऱ्या दिवशी टाकळ्याच्या चित्रात मनगट जरा फिरलेलं होतं. आतल्या बाजूला तीन हिरवे ठिपके. माझ्या आईनं आठवडी बाजारात गोंदवून घेतलेले माझे ठिपके तीनच आहेत, आणि खालचा जरा बाजूला सरकलाय, कारण मी हात हिसडला होता. चित्रातलाही सरकलेला.

मी मागे उलटत गेले. प्रत्येक पातळ कागद सोलत पहिल्या पानापर्यंत. सगळीकडे तोच हात. पहिल्यापासून तोच होता, की मी बघितल्यावर झाला? हे मला सांगता येणार नाही. मी बघितलंच नव्हतं ना.

रुपालीला हाक मारली. ती भिंतीला धरत आली, पुस्तकावर वाकली आणि म्हणाली, “तुमचाच हाय की. कुणी काढला?”

“छापलेलं पुस्तक हाय ते.”

“मग फोटो दिला असाल कवातरी. बंगल्यावर लय लोक यायचे.” आणि पाणी प्यायला गेली. तिला त्यात काही वाटलं नाही.

मलाही वाटू नये म्हणून मी पहिलं पान काढून छापल्याचं साल बघितलं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर. तेव्हा मी सोळा वर्षांची, लग्न होऊन नुकती आलेली. हा हात म्हातारीचा आहे. शिरा वर आलेल्या.

४

इथे एक सांगते. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर माझ्या सासऱ्यांनी देव्हारा उतरवला. आमच्या घरात देवाला जागा नाही, मग भुताला कुठून असणार? वस्तीत कुणाच्या अंगात आलं की लोक मला बोलवायचे, कारण मी तोंडावर पाणी मारून विचारायचे, जेवलीस का सकाळपासून? मी गेली पन्नास वर्षं ‘असं काही नसतं’ हेच वाक्य बोलत आले. त्यामुळे हाताचं कुणाला सांगणार? बयाबाईला? ती आमची शेजारीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती म्हणाली असती, घे चंपे, आता तुझी पाळी.

मी अभ्यास चालू ठेवला. दिवसाला एक चित्र.

सत्तावन्नावं चित्र घाणेरीचं. त्या दिवशी हातावर दोन ओरखडे होते, शेजारी शेजारी, एकाला रक्ताचा थेंब. मी आपला हात बघितला. साफ होता. बरं वाटलं. म्हटलं, बघ, वेगळा हात आहे.

संध्याकाळी घाणेरीची फांदी तोडताना तिनं ओरबाडलं. दोन ओरखडे. शेजारी शेजारी.

आता चित्र डोक्यात असल्यामुळे मी हात तसाच घातला असेन. होतं असं. मास्तरनं खड्डा दाखवला की सायकल त्याच खड्ड्यात जाते.

पण त्या रात्री चपात्या लाटताना मी हाताकडे न बघता लाटत होते.

५

मुळीचं आता सांगते. कळलावी नावाचा वेल आहे. फूल उलटं, खालून पिवळं, वर लाल, चुलीतल्या जाळासारखं. पानाचं टोक सुतळीसारखं वळतं आणि आधार धरतं. जमिनीत कंद, नांगराच्या आकाराचा. बाई अडली, दिवस भरून कळा येईनात, की तो कंद दोऱ्यानं तिच्या कमरेला बांधायचा. खायचा नाही, नुसता बांधायचा. आणि मूल रडलं की त्याच क्षणाला सोडायचा. एक श्वास जास्त राहिला तर मुलापाठोपाठ बाईच्या आतलं सगळं ओढून काढतो, असं जुन्या बाया म्हणत.

मी सात जणींना बांधलाय. मला देव मान्य नाही, पण औषध मान्य आहे, असं मी म्हणायचे. सहा जणी नीट सुटल्या. सातवी रतनबाईची लेक. तिचं मूल नीट, तीही नीट. पण दोरा सोडताना माझी गाठ सुटेना, विळी आणेपर्यंत वेळ गेला, आणि तिला इतकं रक्त गेलं की मी त्यानंतर कळलावीला हात लावला नाही. माझ्या गाठीपायी ते झालं, हे बाकी कुणाला माहीत नाही. रुपालीला तर नाहीच.

सोमवारी रुपाली म्हणाली, “आत्या, बयामावशी म्हणत व्हत्या, तुमास्नी कळलावी ठावी हाय. बांधा की मला. मला आता उचलत न्हाई हे वझं. झोप न्हाई, कूस बदलता येत न्हाई. आणि मला पोट फाडून घ्यायचं भ्या वाटतं.”

“न्हाई.”

“रतनबाईच्या लेकीला बांधलीत. मी परकी का?”

“ते इष असतंय.”

“सात जणींना नव्हतं व्हय इष?”

मला छापील पुरावा हवा होता. कागदावरचं दाखवलं की ती गप्प बसेल. मी साठाव्या चित्रावर होते. अनुक्रमणिकेत पाहिलं: कळलावी, चित्र त्रेसष्ट. म्हणून बुधवारी दुपारी मी माझा नियम मोडला आणि तीन पानं एकदम उलटली.

माहिती बरोबर होती. ‘कंद अत्यंत विषारी.’ मग मी पातळ कागद उचलला. तो पटकन निघाला नाही.

या चित्रात दोन हात होते. एक माझा, ओरखडे अर्धवट भरलेले. माझ्या चिमटीत कंद, त्याला काळा दोरा. दुसरा हात तो घ्यायला पुढे आलेला. फुगलेली बोटं, आणि अंगठीच्या जागी पांढरा पट्टा.

मी पुढचं पान उलटलं. चौसष्ट. हात नव्हता. पासष्ट, नव्हता. ऐंशीपर्यंत गेले. सतरा झाडं, एकाही चित्रात हात नाही. प्रस्तावनेत ‘सर्व चित्रांत’ असं लिहिलंय, मी पुन्हा जाऊन वाचलं. सर्व. देठ मात्र कुणीतरी चिमटीत धरल्यासारखे वाकलेले होते. प्रत्येक पानावर.

६

पुस्तक गोधडीत गुंडाळून ट्रंकेत टाकलं. गुरुवारी दुपारी ते पुन्हा काढलं. डोळे दमले की भलतं दिसतं. खात्री करायला हवी होती. पवन, माझा मुलगा, कंपनीत पहिल्या पाळीला होता, रुपाली पुढच्या खोलीत पडली होती. पत्र्यावर पाऊस एकसारखा चालू होता. मी कोठीशी बसले, पुस्तक उघडलं, आणि तसाच डोळा लागला. हल्ली लागतो. तीन रात्री मी नीट झोपले नव्हते.

उठले तेव्हा चार वाजून गेले होते. पदर ओला होता, पत्रा गळतोच. अंगठ्याच्या फाटलेल्या नखात माती होती. माळ्याच्या नखात माती नसेल तर काय असेल. मी ती काढून टाकली आणि चहा ठेवला. रुपाली उठून बसली होती, बरी दिसत होती. म्हणाली, “आता बरं वाटतंय, आत्या.” मी म्हटलं, “चहा पी.” तिला आणखी काही बोलायचं होतं, पण मला दुधाची घाई होती.

मी ठरवलं. ती मुळी राहिलीच नाही तर कोण कुणाला देणार? वस्तीजवळ कळलावीचे वेल फक्त तीन आहेत, रेल्वेच्या जुन्या क्वार्टरमागच्या तारेच्या कुंपणाला. तिन्ही मला ठाऊक. आज उजाडता उजाडता खुरपं घेऊन गेले.

पहिला खणला. कंद निघाला, चिखलात भरलेला. दुसरा खणला. ते दोन्ही मी दगडानं चेचले आणि नाल्यात सोडले.

तिसऱ्या वेलाची फुलं मान टाकून लोंबत होती. पानं कोमेजलेली. खाली माती भुसभुशीत. मी खुरपं घातलं तर ते सरळ आत गेलं. आत काही नव्हतं. कुणीतरी कंद काढून नेला होता आणि माती परत लोटली होती. नुसती लोटली नव्हती, टाचेनं दाबली होती, आणि वर एक चपटा दगड ठेवला होता.

खड्डा बुजवला की वर चपटा दगड ठेवायचा, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बागेत मी असंच करायचे. ही सवय दुसऱ्या कुणाची मी बघितलेली नाही. पण कुणाला नसेलच असं थोडंच आहे.

एक गाडी गेली. ती गेल्यावर इतकं शांत झालं की नाल्याचं पाणी ऐकू आलं. मी तो दगड उचलला आणि घरी येईपर्यंत हातात धरून होते, हे दारात आल्यावर कळलं.

आणि दारातूनच भांडायला सुरुवात केली.

७

बॅग शेवटी मीच भरली. दोन गाऊन, दुपटी, सोनोग्राफीची फाईल. लांब फाटकाची घंटा थांबली. म्हणजे केरबा निघाला असणार.

“चल, चपला घाल.”

रुपालीनं ओट्याची कड धरली. डोळे मिटले. तिचा श्वास अडकला आणि मग हळूहळू सुटला. मी किती बायांना असं उभं राहिलेलं पाहिलंय. वेळ मोजायला घड्याळ लागत नाही.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“पहाटेपासनं. आता लवकर लवकर येत्यात.” ती हसली, घामेजल्या तोंडानं. “मी म्हणलं ना, व्हईल आपोआप. उगा ओरडताय.”

कळ आली तसा तिचा हात कमरेपाशी गेला होता. पोटाखाली नाही, पाठीला नाही, कमरेच्या उजव्या बाजूला. तिथे गाऊनच्या आत काहीतरी धरून तिनं मूठ आवळली होती.

“हात काढ.”

“काय झालं?”

“हात काढ म्हणते.”

मी गाऊन वर केला. काळा दोरा. त्यात कंद, धुतलेला, स्वच्छ, नांगराच्या दोन फाळांसारखा. कातडीवर वळ उठला होता. मी गाठ बघितली. वेल काठीला बांधायची दुहेरी गाठ, देठाला काच बसू नये आणि वाऱ्यानं सुटूही नये अशी. मी अठ्ठावीस वर्षं तीच बांधली.

सोडायला गेले. नखाची एक पाळी दोऱ्याखाली जाईना, दुसरी मोडली. बाहेर केरबानं हॉर्न दिला. विळी कुठे ठेवली ते मला आठवेना.

“कोण आलं व्हतं घरात?”

“आत्या—”

“बयाबाई? रतनबाई? मी तुला शंभरदा न्हाई म्हणलं आणि तू माज्या पाठीमागं कुणाला आणलंस? नाव सांग. माज्या घरात येऊन तुज्या कमरेला हात लावायची हिंमत कुणाची झाली, ते नाव मला आत्ता सांग.”

तिला पुन्हा कळ आली. तिनं माझं मनगट धरलं, ठिपक्यांवर अंगठा ठेवून, आणि ती कळ जाईपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिलो. मग तिनं तोंड उघडलं. या वेळी मी तिला मधेच अडवलं नाही.

“कुणी आलं न्हाई, आत्या,” रुपाली म्हणाली, “काल दुपारी भर पावसात तुमीच भिजून आलात, एक शब्द न बोलता ही बांधलीत, आणि परत जाऊन पुस्तकावर डोकं ठेवून झोपलात.”